सॉफ्टबॉल 'सॉफ्ट' नसतो, मंडळी



हा ग्रुप जुन्या आठवणींचा. मीही इथं छोट्या लाइनच्या गाडीवर, गुजरी बाजारावर, मोती तलावावर लिहिलंय आणि तुम्ही ते कौतुकानं वाचलंय. आज आठवणी थोड्या आणि भांडण जास्त, असं होणार आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

निमित्त त्या फोटोचं. गेल्या पंधरवड्यात आपल्यातल्याच एका ताईंनी मुलींच्या सॉफ्टबॉल टीमचा फोटो टाकला. चौदा-पंधरा पोरी, मध्ये चषक, आणि कडेला एक पोरगी उभी. गालाला पट्टी, डोळा सुजून बंद. खाली कॉमेंट्सचा पाऊस पडला. त्यात मला तीन सूर दिसले. पहिला, "मुलींना असले खेळ कशाला, आपलं खो-खो काय वाईट आहे?" दुसरा, "आमच्या वेळी कॉर्कच्या चेंडूनं खेळायचो, पॅडसुद्धा नव्हते, कोणी रडलं नाही." तिसरा जरा शहाण्यासारखा, "फार जोरात टाकणाऱ्या पोरींना आवरा, खेळ हळू करा." त्या पोरीच्या तोंडावर मास्क का नव्हता, हे मात्र एकानंही विचारलं नाही. नाव कोणाचं घेत नाही. ज्यांनी लिहिलं त्यांना कळेलच, आणि त्यातले दोघे तर माझ्या घरी दिवाळीचा फराळ खाऊन गेलेले आहेत.

कोणी म्हणेल, बाई, तुम्हाला यातलं काय कळतं? मी सॉफ्टबॉल कधी खेळले नाही. आमच्या शाळेत मुलींना लंगडी, खो-खो आणि पंधरा ऑगस्टची कवायत, एवढंच होतं. नागपूरला बी.कॉम. केलं, बँकेत लागले, छत्तीस वर्षं आकडे जुळवले आणि ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. गेली पाच वर्षं नातीला घेऊन मैदानावर जाते. ती पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारी. नुसतं बसून राहणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून वही घेऊन बसते आणि कोणी किती चेंडू टाकले, कोण कुठं पडलं, कोणाला कुठं लागलं, सगळं लिहिते. पी.टी.आय. सर मला मागून 'ऑडिट आजी' म्हणतात हे मला ठाऊक आहे.

तर त्या दिवशी काय झालं ते आधी सांगते, कारण कॉमेंट करणाऱ्यांपैकी तिथं कोणीच नव्हतं. स्पर्धा कोणाची, कुठली, हे लिहीत नाही. लिहिलं तर सगळी चर्चा त्यांच्यावर जाईल, आणि मी पाहिलेल्या बहुतेक मैदानांवर हीच गत आहे. पोरगी तेरा वर्षांची, आठवीतली. थर्ड बेसला उभी होती. समोरची बॅटर बंट करणार असं वाटलं (बंट म्हणजे बॅट न फिरवता नुसती चेंडूसमोर धरायची आणि चेंडू पायाशी पाडायचा), म्हणून सरांनी ओरडून तिला पुढं बोलावलं. ती धावत पुढं आली. बॅटरनं ऐन वेळी बॅट मागं घेतली आणि फिरवली. बॅटपासून पोरगी दहा-बारा मीटरवर होती. हात अर्धा वर आला होता, चेंडू गालाच्या हाडावर. बर्फ कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडून आणला. प्रथमोपचाराच्या पेटीत एक आयोडीनची बाटली, कात्री आणि कोणाचा तरी जुना मोजा निघाला. मग कोणाच्या तरी गाडीतून गोंदिया आणि तिथून नागपूर. डोळा वाचला, हाड जुळतंय. पण तिच्या बाबांनी दुसऱ्याच दिवशी तिचा ग्लोव्ह शाळेत परत करून टाकला. टीमनं चषक जिंकला, तो फोटो त्यानंतरचा. फोटोसाठी तिला नागपूरहून परत आल्यावर मुद्दाम उभं केलं होतं.

आता त्या 'सॉफ्ट' शब्दाकडं येते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. हा खेळ १८८७ साली अमेरिकेत शिकागोच्या एका बोट क्लबात जन्मला, तोही बंद हॉलमध्ये. कोणी तरी बॉक्सिंगचा ग्लोव्ह दोरीनं गुंडाळून त्याचा चेंडू केला. तो खरंच मऊ असणार. नाव पुढं चिकटलं आणि चेंडू मात्र बदलत गेला. आज फास्टपिच सॉफ्टबॉलचा चेंडू १७७ ते १९८ ग्रॅमचा असतो. महिला क्रिकेटचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅम. पुरुषांचा घेतला तरी १६३ ग्रॅमच्या वर जात नाही. म्हणजे आपल्या पोरींच्या तोंडासमोर येतो तो चेंडू पुरुष क्रिकेटपटूंच्या चेंडूहून जड आहे. आकारानं मोठा आहे, हातात घेतला तर थोडा दबल्यासारखा वाटतो, म्हणून आपण 'सॉफ्ट' म्हणतो. गालाला विचारा.

वेगाचं गणित बघा. कॉमर्सवाली आहे, फिजिक्सवाली नाही, पण भागाकार येतो. मोठ्या मुलींच्या आणि महिलांच्या खेळात पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. पण पिचर पट्टीवर उभी राहून चेंडू सोडत नाही. ती हात पूर्ण गोल फिरवते, पुढं झेपावते, आणि चेंडू सुटतो तेव्हा पाच-सहा फूट पुढं आलेली असते. उरलं साधारण साडेअकरा मीटर. जगात चौदा-पंधरा वर्षांच्या चांगल्या पिचर ताशी ८० किलोमीटरच्या घरात टाकतात. बॅटरकडं उरतो अर्धा सेकंद. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या क्रीजपासून फलंदाजाच्या क्रीजपर्यंत ५८ फूट असतात, म्हणजे १७.६८ मीटर. तेवढ्याच अर्ध्या सेकंदात चेंडू तिथून यायचा तर गोलंदाजाला १२० च्या वर टाकावं लागेल. सोपा हिशेब असा, की सॉफ्टबॉलच्या वेगाला दीडनं गुणा. एखादी पोरगी १०० नं टाकत असेल तर समोरच्या पोरीला तो १५० चा वाटतो. टप्पा, हवा वगैरे सोडून देते, बारीक हिशेब ज्यांना करायचा त्यांनी करावा. अमेरिकेच्या मोनिका ॲबटनं २०१२ साली ताशी ७७ मैल, म्हणजे १२४ किलोमीटरनं चेंडू टाकला होता. तिच्यासमोर उभं राहणं म्हणजे काय, ते दीडनं गुणून बघा.

आणि हा झाला फक्त येणारा चेंडू. जाणारा चेंडू त्याहून वाईट. पिचर झेपावून थांबलेली असते तेव्हा तिचा एक पाय अजून हवेत, हात मांडीपाशी, ग्लोव्ह भलतीकडं. बॅटरपासून तेच साडेअकरा मीटर. अमेरिकेतल्या संघटनेनं २००४ पासून बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूच्या वेगाला ताशी ९८ मैलांची कसोटी लावली. त्यांच्याकडच्या बॅटा इतक्या भारी झाल्या होत्या की लगाम घालावा लागला. ९८ मैल म्हणजे १५८ किलोमीटर. त्या वेगानं चेंडू पिचरपर्यंत पाव सेकंदात पोचतो. आपल्या आठवीतल्या पोरी एवढा मारत नाहीत हे मलाही दिसतं. पण निम्म्या वेगानं मारला तरी अर्धाच सेकंद होतो, आणि तेवढ्यात डोळ्यानं बघायचं, मेंदूनं समजायचं, हातानं वर यायचं. टोकियो ऑलिंपिकची महिलांची फायनल ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल. थर्ड बेसवरच्या जपानी खेळाडूच्या हातावर सरळ फटका आदळला आणि उडालेला चेंडू शॉर्टस्टॉपनं झेलला. सगळं जग त्या झेलावर खूश झालं. मला दिसलं ते एवढंच, की जगातल्या सगळ्यात तयार खेळाडूलाही ग्लोव्ह वेळेवर आणता आला नाही. मग आमची तेरा वर्षांची पोरगी काय आणणार होती?

आता पहिल्या सुराला उत्तर. 'मुलींना कशाला?' काका, हे वाक्य मी १९७४ साली ऐकलं होतं. बँकेत लागले तेव्हा. शाखेत मी एकटी बाई. मला कॅशवर बसवायचं नाही असं ठरलं होतं, कारण 'पैशाचं जोखमीचं काम, बाईमाणूस, दरोडा पडला तर?' मी विचारलं, दरोडा पडला तर पुरुष कॅशियर काय करणार आहे? त्याच्यासमोर जाळी आहे, दारात बंदूकवाला आहे, म्हणून तो बसलाय. तीच जाळी मलाही चालेल. बसले. पुढची कित्येक वर्षं बसले. कॅशियरच्या काउंटरला जाळी असते ती कॅशियर भित्रा म्हणून नसते. पोरींच्या तोंडाला जाळी लावा आणि खेळू द्या, एवढंच माझं म्हणणं.

शिवाय हा खेळ आपल्याकडच्या पोरी का निवडतात हेही उघड बोलू. क्रिकेटमध्ये गर्दी, हॉकीत मोठ्या शाळांची मक्तेदारी. सॉफ्टबॉलमध्ये टीम कमी, म्हणून जिल्ह्याहून संभाग, संभागाहून राज्य, असं लवकर वर जाता येतं. प्रमाणपत्र मिळतं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आपल्याकडं विक्रम पुरस्कार मिळाला तर नोकरीचं दार उघडतं. वाराशिवनी, कटंगी, लांजीकडच्या शेतकऱ्यांच्या पोरी बसचे धक्के खात सरावाला येतात त्या या आशेवर. 'नोकरीसाठी खेळतात, खेळाचं प्रेम नाही' असं नाक मुरडणारेही आहेत ग्रुपवर. मी बी.कॉम. नोकरीसाठीच केलं होतं. बॅलन्स शीटवर प्रेम जडलं ते नंतर.

दुसरा सूर, 'आमच्या वेळी'. यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण हा आपल्या पिढीचा लाडका आजार आहे. लगेच कोणी तरी एकनाथ सोलकरचं नाव काढलं. शॉर्ट लेगला, हेल्मेट नाही, बॅटरच्या खिशात हात घालता येईल इतका जवळ. २७ कसोटींत ५३ झेल. सोलकर माझाही आवडता. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा पोरगा, त्याच्याबद्दल वाईट शब्द मी ऐकून घेणार नाही. पण तो उभा राहायचा तेव्हा टाकायला बहुतेक बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर किंवा वेंकटराघवन असायचे, आणि तो स्वतःच्या मर्जीनं उभा राहिलेला मोठा माणूस होता. आठवीतल्या पोरीला सर ओरडून 'पुढं ये' म्हणतात तेव्हा तिच्या मर्जीचा प्रश्न येतो कुठं? आणि सोलकर आठवतो तर रमण लांबाही आठवा. फेब्रुवारी १९९८, ढाका. तोही शॉर्ट लेगलाच, तोही हेल्मेटशिवाय. डोक्याला चेंडू लागला आणि तीन दिवसांनी गेला. वाचलेल्यांच्या गोष्टी आपण सांगत बसतो. गेलेले ग्रुपवर कॉमेंट करायला येत नाहीत.

नरी कॉन्ट्रॅक्टर तर आपल्या शाळेच्या दिवसांतला. १९६२, ब्रिजटाऊन, ग्रिफिथचा चेंडू. भारताचा कर्णधार, वय २८. कवटी फुटली. वेस्ट इंडीजच्या फ्रँक वॉरेलनं त्याला रक्त दिलं. जीव वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही. माझ्या वडिलांनी पेपर वाचून दाखवला होता, आईनं देवासमोर दिवा लावला होता. बालाघाटात बसून ब्रिजटाऊनच्या माणसासाठी दिवा. त्यानंतर काय झालं? काहीच नाही. सोळा वर्षांनी, १९७८ साली, त्याच ब्रिजटाऊनला ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप हेल्मेट घालून कसोटीत उतरला तर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. आज गल्लीतलं पोरगंही हेल्मेटशिवाय लेदरच्या चेंडूसमोर जात नाही, आणि कोणी त्याला भित्रा म्हणत नाही. क्रिकेटला अक्कल यायला किती वर्षं आणि किती डोकी लागली ते दिसतंय. तेच सगळं पहिल्यापासून पोरींच्या तोंडावर पुन्हा शिकायचं आहे का? अमेरिकेतल्या शाळांनी २००६ पासून मुलींच्या बॅटिंग हेल्मेटला समोरची जाळी सक्तीची केली. मी अजून अशी हेल्मेटं पाहते ज्यांना जाळीचे स्क्रू आहेत आणि जाळी नाही. कोणी काढली? "दिसत नाही म्हणून पोरीच काढतात" असं उत्तर मिळालं. पोरी काढतात आणि सर काढू देतात.

आता तिसरा सूर, 'जोरात टाकणाऱ्यांना आवरा'. याचा मला खरा राग आहे, कारण तो काळजीच्या आवाजात येतो. मुलगी जोरात टाकायला शिकली हा काय गुन्हा झाला? त्यासाठी ती तीन-चार वर्षं पहाटे उठली आहे. हळू टाकण्याचा सॉफ्टबॉल वेगळा असतो, त्याला स्लोपिच म्हणतात, त्याचे नियम वेगळे, आणि शाळांच्या स्पर्धेत तो नाही. शिवाय पिचरनं हळू टाकला तर बॅटरला वेळ मिळतो, फटका बरोबर मध्यावर बसतो आणि पिचरच्याच तोंडाकडं येतो. म्हणजे एकीला वाचवायला दुसरीला पुढं केलं.

वेगाची भीती मलाही आहे, पण ती वेगळ्या जागी. बारा-तेरा वर्षांच्या गटात अंगानं थोराड पोरगी शोधतात, तिला आठ दिवस हात फिरवायला शिकवतात आणि सांगतात, 'फेक जोरात.' ताबा यायच्या आधी वेग येतो. चेंडू कुठं जाईल हे तिलाही माहीत नसतं, आणि समोरची लहानखुरी पोरगी बॅट धरून डोळे मिटते. मी स्वतः पाहिलंय, डोळे मिटतात. अशा पोरीला आधी भिंतीवर, जाळीत, रिकाम्या प्लेटवर टाकू द्या. चारपैकी तीन चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेले की मग मॅचला उभी करा. हे पी.टी.आय. सरांना कळत नाही असं नाही. पण महिन्यावर स्पर्धा असते आणि शाळेला चषक हवा असतो.

अंतराचंही तसंच. अमेरिकेत लहान मुलींच्या लिटल लीगमध्ये आधी ३५ फूट, मग ४० आणि मोठ्या झाल्या की ४३, असं वाढवत नेतात. त्यांच्या हायस्कूलमध्ये कित्येक वर्षं ४० फूट होतं, पिचर इतक्या तयार झाल्या की २०१०-११ पासून तीन फूट मागं नेलं. तीन फूट ऐकायला काही नाही, पण तेवढ्यानंही बॅटरला थोडा जास्त वेळ सापडतो. आपल्याकडं? पट्टी ठोकणारा माणूस पावलं टाकून अंतर मोजतो. मी टेप लावून पाहिली आहे. एका मैदानावर साडेचाळीस फूट भरलं, दुसऱ्यावर पंचेचाळीसच्या जवळ. पाऊल कोणाचं त्यावर अवलंबून. रोख मोजताना मी एक रुपया कमी भरला तर घरी जात नव्हते, इथं अडीच फूट पोरींच्या तोंडासमोरून गायब होतात आणि अंपायर 'प्ले' म्हणतो.

वयाबद्दलही बोलते, लोक दुखावतील ते दुखावोत. गट १४, १७ आणि १९ चे. जन्मतारखा बदलून आणलेली सोळा वर्षांची पोरगी चौदाच्या गटात पिचिंग करते तेव्हा ती नुसता चषक चोरत नसते, समोरच्या बारा वर्षांच्या पोरीचा वेळ चोरते. केंद्र सरकारनं २०१० साली वयचोरीविरुद्ध संहिता काढली आहे. ती मैदानावर पोचायला किती वर्षं लागणार? बँकेत खातं उघडायला मी माणसाला तीन कागद मागायची.

राहिला पिचरचा खांदा. हा माझ्या घरातला विषय, म्हणून आवरतं घेणार होते, पण आवरत नाही. 'खालून टाकतात, नैसर्गिक हालचाल आहे, कितीही टाकू शकतात', हे प्रत्येक मैदानावर ऐकलंय. नैसर्गिक? ज्यांना वाटतं त्यांनी आज संध्याकाळी हात पूर्ण गोल फिरवून शंभर वेळा काही तरी फेकावं आणि उद्या सकाळी केस विंचरून दाखवावेत. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या पिचरांचा अभ्यास झाला होता. चेंडू सोडताना खांद्याला सांध्यातून बाहेर खेचणारा जोर त्यांच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के निघाला. पन्नास किलोच्या पोरीचा खांदा दर चेंडूला चाळीस किलोनं खेचला जातो, असं धरा. बेसबॉल खेळणाऱ्या पोरांसाठी लिटल लीगनं २००७ पासून चेंडूंची मोजणी लावली, अकरा-बारा वर्षांच्या पोरानं दिवसाला ८५ च्या वर टाकायचे नाहीत. पोरांचे मोजले. पोरींच्या खेळात अशी मोजणी लावायला कोणाला सुचलं नाही, कारण खालून टाकतात ना!

जपानची युकिको उएनो माहीत असेल. २००८ ला बीजिंगमध्ये दोन दिवसांत तीन मॅच आणि ४१३ चेंडू, आणि सुवर्णपदक. आमचे सर पोरींना हीच गोष्ट सांगून तिसऱ्या मॅचला उभं करतात. पुढची गोष्ट सांगत नाहीत. उएनो तेव्हा २६ वर्षांची, पूर्ण वाढ झालेली बाई होती. आणि त्याच उएनोनं २०२१ ला टोकियोत पुन्हा सुवर्ण जिंकलं तेव्हा जपाननं सहाव्या डावात मिउ गोतो या विशीतल्या पोरीला आणलं आणि शेवटाला उएनोला परत बोलावलं. तेरा वर्षांत जपानसुद्धा शिकलं की एकीवर सगळं टाकायचं नसतं. बँकेची तिजोरी एका चावीनं उघडत नाही, दोन चाव्या दोन अधिकाऱ्यांकडं असतात, एक आजारी पडला तरी दुसरी चावी कोणाकडं द्यायची ते ठरलेलं असतं. आमच्या बहुतेक टीमकडं चावी एकच. माझ्या नातीनं एका शनिवार-रविवारी तीन मॅच पूर्ण टाकल्या. माझ्या वहीत अडीचशेच्या वर खुणा आहेत, सरावाचे वेगळे. सोमवारी तिला दप्तर उजव्या खांद्यावर घेता आलं नाही. मी वही घेऊन गेले. सर भले माणूस आहेत, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आजी, दुसरी पिचर नाही हो." दुसरी पिचर आभाळातून पडत नाही. जुलैपासून दोघींना शिकवलं असतं तर डिसेंबरात दोघी असत्या.

आता पैशाचं. प्रत्येक वेळी शेवटी हेच येतं, 'बजेट नाही.' चषक जिंकल्यावर आपल्या समाजानं काय केलं ते मी मोजलं. चौकात पोरींचे फोटो असलेला फ्लेक्स, त्यावर पोरींपेक्षा मोठे फोटो मान्यवरांचे. हॉल, मंडप, माइक, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा नाश्ता. गालाला पट्टी बांधलेल्या पोरीच्याही हातात नारळ दिला. त्या सत्काराच्या खर्चात पिचर, फर्स्ट आणि थर्ड बेस या तिघींचे मास्क दोन टीमपुरते आरामात आले असते, वर कॅचरचा गळ्याचा गार्डही. मला सत्काराचा राग नाही, मीही टाळ्या वाजवल्या. पण पुढच्या वर्षी वर्गणी मागायला याल तेव्हा माझी पावती मास्कच्या नावावर फाडा, फ्लेक्सच्या नाही. खर्चाची यादी मला लेखी लागेल.

आणि काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. फर्स्ट बेसला धावणारी आणि झेलणारी एकमेकींवर आदळू नयेत म्हणून दोन रंगांचा जोडबेस असतो, एकीचा पांढरा आणि दुसरीचा नारिंगी. तो नसेल तर पोत्यात भुसा भरून, रंगवून तुम्ही-आम्हीही शिवू शकतो, निदान सरावाला. मॅचआधी पंचांनी दोन्ही टीमची हेल्मेटं हातात घेऊन बघायची, जाळी नाही तर बॅटिंग नाही. थर्ड बेसवाली मास्कशिवाय असेल तर तिला पुढं बोलवायचं नाही, बंट पडला तर पडू द्यावा, एक रन गेली तर गेली. आणि कोणी तरी वही धरून चेंडू मोजायचे. हे काम निवृत्त माणसांसाठीच बनलंय. ग्रुपवर दिवसभर 'सुप्रभात'ची फुलं पाठवणारे किमान वीस जण आहेत, त्यातले दोन मला द्या.

त्या पोरीच्या बाबांना मी भेटून आले. ते बोलले नाहीत फारसं. "तुम्ही सांगा ताई, कशाच्या भरवशावर पाठवू?" एवढं म्हणाले. मी भरवसा देऊ शकले नाही. पोरगी आत पलंगावर बसून टेनिसचा चेंडू भिंतीवर टप्प्यानं मारत होती, आवाज बाहेर येत होता. तो आवाज त्यांनाही ऐकू येत होता.

तर मी नागपूरहून सहा मास्क आणवलेत. तीन आमच्या टीमला, तीन समोर जी टीम येईल तिला त्या दिवसापुरते. समोरच्या पोरीही कोणाच्या तरी नाती आहेत. येत्या रविवारी सकाळी सात वाजता सराव आहे. ज्यांना यायचं त्यांनी या, वाद घालायला आलात तरी चालेल, चहा मी आणते. गोंदियाच्या मंडळींना एक विनंती, येताना मोजायची टेप आणा. पंधरा मीटरची लागते. माझ्याकडची दहाची आहे, ती मध्येच संपते.